रिकाम्या गाडीची बैठक

१

अकोटच्या जनावरांच्या दवाखान्यातून सकाळी साडेआठला निघायचं, डोंगरपायथ्याच्या सात गावांपैकी तीन करायची आणि सहाच्या सुमाराला घरी यायचं. अकरा वर्षं मी हेच करतो आहे. माझं पद पशुधन पर्यवेक्षकाचं. गावांत सगळे डॉक्टरच म्हणतात, आणि मीही आता कुणाला दुरुस्त करत नाही.

गाडी दीडशे सीसीची, साधी. शहरात ऑफिसला जाणाऱ्या माणसासाठी केलेली. पोपटखेडच्या पुढं डांबर संपलं की ती केविलवाणी व्हायची. खाली गोटे, नाल्यात वाळू आणि पावसाळ्यात ती आमची काळी माती. चाकात आणि मडगार्डात चिखलाचा गारा असा ठासून बसायचा की दर अर्ध्या किलोमीटरला उतरून काडीनं कोरून काढावा लागे. गेल्या उन्हाळ्यात पाठीनं हात टेकले. अकोल्याच्या डॉक्टरनं फोटो उजेडाला धरून दोन मणके दाखवले, पट्टा दिला आणि गाडी सोडा म्हणाला. गाडी सोडून जाणार कशानं, ते त्यानं सांगितलं नाही.

देवमनचं गॅरेज आमच्या घरापासून चार मिनिटांवर, बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या भिंतीला लागून. अमरावतीची काही मंडळी चिखलदऱ्याच्या रानवाटांसाठी त्याच्याकडून गाड्या तयार करून नेतात. शाळेपासूनची आमची ओळख.

"नवी डोंगरी गाडी घेऊ नको, गोवर्धनभाऊ," तो म्हणाला. "लय उंच असते. तुये पाय टेकणार नाई. हेच गाडी मी तुले डोंगरची करून देतो."

आठ दिवस त्यानं गाडी ठेवून घेतली. मागं लांब शॉकअप घातले, पुढच्या नळ्यांत जाड स्प्रिंगा. जाड दातांचे बटन टायर चढवले. पुढचं मडगार्ड चाकापासून वीतभर वर नेलं. इंजिनच्या पोटाखाली लोखंडी पत्रा, हँडलखाली दोन इंचांचे ठोकळे, सायलेन्सर वळवून वर. मागची अर्धी सीट कापून तिथं माझ्या औषधांच्या पेटीसाठी लोखंडी जाळी बसवली, आणि मागच्या माणसाचे दोन्ही फुटरेस्ट काढून टाकले. दगडाला अडतात म्हणून.

गाडी घरी आणली तेव्हा माझी बायको दामिनी फाटकात उभी होती. तिनं एक फेरी मारून पाहिली.

"मंग मी कुठं बसू?"

"तू बसते कवा? तुई बदली घराजवळच्या शाळेत झाली तवापासून एकदा तरी बसली काय?"

तिनं आत जाऊन चहा टाकला.

२

अशी गाडी केली की तिची बैठक मापावी लागते. देवमनचाच हा शब्द. गाडी डबल स्टँडवर घ्यायची, मागचं चाक हवेत लोंबतं. चाकाच्या आसापासून वर सीटखालच्या खुणेपर्यंत टेप लावायचा. मग गाडी खाली उतरवायची. ती स्वतःच्या वजनानं थोडी बसते, पुन्हा मापायचं. मग मालकाला बसवून तिसरं माप.

"रिकामी दीड सेंटीमीटर बसाले पायजे," देवमन म्हणाला. "तू बसल्यावर साडेचार."

रिकामी गाडी साडेचार बसली.

त्यानं पुन्हा मापलं. मी बसलो, सात. मी उतरलो, साडेचार. मी बसल्यावर जितकी बसायला हवी होती तितकी ती आधीच बसलेली होती. देवमननं मागची जाळी धरून गाडी उचलली. सहज वर आली. सोडली, आणि कुर्र करत ती सावकाश पुन्हा साडेचारवर गेली.

"मांगं कोनी बसून हाय काय?" असं म्हणून तो हसला. मीही हसलो. मग त्यानं पान्यानं स्प्रिंगा आवळल्या आणि बैठक बरोबर दीडवर आणून दिली. नव्या स्प्रिंगा सुरुवातीला दबतात, त्यात विशेष काही नाही, हे मलाही माहीत होतं.

आठवड्यानं टेप लावला. साडेचार.

३

खराब वाटेवर बसून चालवायचं नाही, फुटरेस्टवर उभं राहायचं, हे मला देवमननंच शिकवलं. गुडघे किंचित वाकवायचे, टाकी पायांत धरायची. धक्का पाय खातात, पाठीपर्यंत येत नाही. पंधरा दिवसांत मला जमायला लागलं. उन्हाळ्यानंतर पहिल्यांदा मी घरी येऊन पट्टा न बांधता जेवलो.

उभं राहिलं की मागचा शॉकअप हलका होतो आणि गाडी ढुंगणाखालून थोडी वर येते. ते कळतं. घोडा उठल्यासारखं वाटतं.

सप्टेंबरात एकदा शहानूरच्या अलीकडच्या नाल्यात उतरताना मी उभा राहिलो. गाडी वर आली. आणि एका श्वासाच्या अंतरानं आणखी एकदा वर आली.

नाला पार करून बसलो. गाडी दबली. श्वासभर थांबून पुन्हा दबली.

पेटी हलत असेल. थांबून पाहिलं, पेटीचे पट्टे घट्ट होते. शॉकअपचं तेल दोन टप्प्यांत सरकत असेल, देवमनला विचारू. असं मनाशी बोलत मी पुढं गेलो. त्या दिवशी तीन म्हशी तपासल्या, एका बैलाचा खूर कापला. जनावरांचं माझ्याशी वागणं नेहमीसारखंच होतं. हे मुद्दाम सांगतो, कारण मी ते मुद्दाम पाहिलं. गाडीजवळ बांधलेली गाय निवांत रवंथ करत होती.

परतताना मी माझ्याच सकाळच्या चाकोरीवरून आलो. काळी माती ओली होती आणि बटन टायरचा ठसा छापल्यासारखा उमटला होता. त्याच्या दोन्ही बाजूंना, वीतभर अंतरावर, एकेक बारीक रेघ होती. खड्डा आला की खोल, उंचवटा आला की नाहीशी. कुणीतरी दोन काठ्या लोंबत्या ठेवून गाडी नेली असावी अशी.

मी गाडीखाली वाकून पाहिलं. लोंबणारं काही नव्हतं. डबल स्टँड वर दुमडलेला होता, साइड स्टँड एकाच बाजूला असतो.

उकिडवा बसून मी एका खोल रेघेत बोट घातलं. तिच्या तळाशी आणखी बारीक रेघा होत्या. शेजारी शेजारी. मोजल्या, पाच. कडेची एक जरा जाड.

ऊन चांगलं कडक होतं. दूर कोणीतरी कपाशीच्या पऱ्हाटीत फवारणी करत होतं, पंपाचा आवाज येत होता. मी हात पुसला, गाडीवर बसलो आणि घरापर्यंत एकदाही उभा राहिलो नाही. पाठ रात्रभर ठणकली.

४

"काट्यावर घालू," देवमन म्हणाला. मी त्याला दोनदा दबण्याचं सांगितलं होतं. रेघांचं सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काही शब्दांत बसेना.

आमच्या दवाखान्यात जनावरं तोलायचा काटा आहे. रविवारी दुपारी दवाखाना रिकामा असताना आम्ही गाडी त्यावर चढवली. मूळ गाडी, त्यात पत्रा, जाळी, ठोकळे, टायर, सगळं देवमननं आधी कागदावर जमवून आणलं होतं. एकशे सेहेचाळीस किलो यायला हवे होते. एकशे सेहेचाळीसच आले. काट्यावर उभ्या गाडीला टेप लावला. साडेचार.

देवमन खाली बसला. खिशातून तंबाखूची पुडी काढली, आणि तशीच परत ठेवली.

"काट्यावर वजन नाई," तो म्हणाला. "स्प्रिंगवर हाय."

"स्प्रिंगच खराब असन."

"दोनी?"

त्यानं स्प्रिंगा बदलल्या. एका जड गाडीच्या, दुप्पट ताठ. या स्प्रिंगांवर रिकामी गाडी बोटभरही दबायला नको. तिसऱ्या दिवशी साडेचार. म्हणजे स्प्रिंग ताठ झाली की मागचं ओझंही तेवढंच वाढत होतं. ते कमी नाही, जास्त नाही, मापून साडेचार बसत होतं. एखाद्या माणसाला एका जागी एकाच उंचीवर बसायची सवय असावी तसं.

"मी एक चक्कर मारून येतो," देवमन म्हणाला आणि गाडी घेऊन जिनिंगच्या मागच्या कच्च्या रस्त्यानं गेला. पाच मिनिटांची चक्कर. मी त्याच्या स्टुलावर बसून राहिलो. भिंतीपलीकडं जिनिंगच्या पत्र्यावर कबुतरं चालत होती, त्यांची नखं वाजत होती. अर्धा तास झाला.

तो आला तो गाडी ढकलत.

"बंद पडली काय?"

"नाई."

गाडी उभी करून तो नळावर गेला आणि हात धूत राहिला. साबण लावून, पुन्हा साबण लावून. मग कोपऱ्यातला पत्र्याचा डबा ओतला, त्यातून माझ्या गाडीचे जुने फुटरेस्ट शोधून काढले आणि ते बसवायला लागला. मागची जाळी उपटली. कापलेल्या सीटच्या जागी दुसरी लांब सीट बसवली. औषधांच्या पेटीसाठी बाजूला दोन कड्या केल्या. संध्याकाळ झाली तरी त्याचं चाललं होतं.

"देवमन, हे काय करून राहिला तू?"

शेवटचा बोल्ट आवळून तो उठला. माझ्याकडं न पाहता म्हणाला, "पाय लटकून राहिले होते त्याचे."

५

त्यानंतर रेघा उमटल्या नाहीत.

गाडी सुधारली असंच म्हणावं लागेल. पूर्वी चढावर पुढचं चाक उचलू पाहायचं, ते थांबलं. ब्रेक मारला की पाठीवर हलका भार यायचा, तो मात्र राहिला, पण पट्ट्यासारखा. त्यानं कंबर धरून ठेवल्यासारखी वाटे. मी शिकलो. उभं राहायचं, श्वासभर थांबायचं, मग नाल्यात घालायचं. बसायचं, थांबायचं, मग गिअर. सकाळी निघताना किल्ली फिरवण्याआधी मी नकळत जरा वेळ देऊ लागलो.

माणूस कशालाही सरावतो. दिवसाला साठ किलोमीटर, वर अडलेल्या गायीत खांद्यापर्यंत हात घालायचा, वर ऑफिसचे ऑनलाइन तक्ते भरायचे. घाबरायला सुद्धा अंगात काहीतरी शिल्लक लागतं. गाडी विकावी असं दोनदा मनात आलं. घेणाऱ्याला काय सांगू? आणि न सांगता कशी देऊ? विचार तिथंच थांबायचा आणि मी झोपून जायचो.

डिसेंबरात एका सकाळी दामिनीला अकोल्याला डोळे दाखवायला जायचं होतं. रिक्षा आली नाही.

"मले एसटी स्टँडवर सोडून द्या," ती म्हणाली. "आता तर सीट बी बसवली तुमी."

नाही म्हणायला मला कारण सुचलं नाही. मी गाडीवर बसलो. तिनं पर्स काखेत धरली, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मागं बसली. गाडी दबली नाही. केसभरही नाही.

"जरा पुढं सरका ना," ती म्हणाली.

मी सरकलो.

"अजून सरका. जागाच नाई पुरून राहिली."

माझे गुडघे हँडलला लागत होते. लांब सीट होती, तीन माणसं बसतील अशी.

"उतर," मी म्हटलं.

"काहून?"

"उतर म्हणतो ना!"

ती उतरली. याआधी मी तिच्यावर आवाज चढवल्याला कित्येक वर्षं झाली असतील. कोपऱ्यापर्यंत चालत जाऊन मी रिक्षा आणली. बसताना ती म्हणाली, "तुमी मले काई सांगून नाई राहिले, एवढं समजते मले." रिक्षावाला ऐकत होता.

६

पुढचे आठ दिवस आम्ही कामापुरतं बोललो. त्यानंतरच्या गुरुवारी मी पावणेसहाला घरी आलो, उजेड असतानाच. गाडी अंगणात घेतली, स्टँड लावला, उतरलो. गाडी वर आली. नेहमीप्रमाणं तेवढीच, माझ्यापुरती. मी पेटी सोडवायला वाकलो.

कुर्र. गाडी आणखी वर आली.

मी तसाच वाकलेला राहिलो. मग सीटवर हात ठेवला. ऊबदार होती, पण दिवसभर मीच बसलो होतो. पेटीतून टेप काढला. खात्री होईना, म्हणून तीन वेळा मापलं. दीड. दीड. दीड.

मला हसू फुटलं. अंगणात उभा राहून मी एकटाच हसलो. मागचं चाक हलवून पाहिलं, जाळी नव्हती म्हणून सीट धरून गाडी दाबली. ती चेंडूसारखी उसळून आली. मी देवमनला फोन लावला.

"देवमन, दीडवर आली! बैठक दीडवर आली, गड्या!"

तिकडून पान्याचा आवाज येत होता, तो थांबला.

"कुठं हायेस तू?"

"घरी. अंगनात."

त्यानं पाना खाली ठेवल्याचा आवाज आला.

"भाऊ," तो म्हणाला, "मंग ते उतरलं कुठं?"

दार उघडंच होतं. आतून फोडणीचा वास येत होता. "आले काय?" दामिनीनं स्वयंपाकघरातून विचारलं. मी हो म्हटलं. चपला काढल्या. पुढच्या खोलीत दिवा लागलेला होता. टीव्ही बंद, त्यावर पोपटी रुमाल. खुर्चीवर तिच्या तपासायच्या वह्या. भिंतीला लागून नवारीची बाज, तिच्यावर धुतलेली, ताणून घातलेली चादर. सगळं जिथल्या तिथं. मी प्रत्येक वस्तूकडं पाहिलं. मग मी बाजेच्या कडेला बसलो.

नवार दबली. मी श्वास धरला.

"वांग्याची भाजी केली," दामिनी आतून म्हणाली. "भाकरी खासान का पोळी?"

बाज करकरली, आणि माझी उजवी बाजू खाली गेली. नवारीवर दोन माणसं शेजारी बसली की एकमेकांकडं कलतात, तसा मी कलू लागलो. हात रेटून मी स्वतःला सरळ धरलं. डोळे समोर ठेवायचे असं ठरवलं होतं, तरी नजर गेली. चादरीच्या सगळ्या सुरकुत्या माझ्यापासून वीतभरावरच्या एका जागेकडं ओढल्या गेल्या होत्या. त्या जागेच्या पुढं, फरशीवर, बाजेच्या सावलीत, दोन ओलसर डाग होते. डाग लांबट होते. पुढच्या टोकाला पाच.

दामिनी दोन ताटं घेऊन आली. एक माझ्या हातात दिलं आणि नेहमीसारखी माझ्या उजव्या बाजूला बसायला वळली.

"तिथं नोको," मी म्हटलं.

ती थांबली. तिनं माझ्याकडं पाहिलं, मग चादरीकडं. पाहत राहिली. मग ती दोन पावलं मागं सरली, भिंतीला धरून हळूहळू खाली टेकली आणि ताट मांडीवर घेतलं. गुडघ्यांमुळं ती तीन वर्षांत जमिनीवर बसली नव्हती. बसताना तिच्या तोंडून आवाज निघाला, तो तिनं दाबला.

"कवापासून?" तिनं खालच्या आवाजात विचारलं.

"पावसाळ्यापासून."

"अन् मले सांगतलं नाई."

"काय सांगू दामिनी?"

आम्ही जेवलो. भाजीला मीठ कमी होतं; दोघांपैकी कुणी उठून आणलं नाही. बाहेर रस्त्यानं कपाशीची एक मेटॅडोर गेली, खिडकीची काच थरथरली आणि शांत झाली. तिनं एक घास तोडला आणि हातात धरूनच बसली, नजर चादरीवर. मग अगदी हळू म्हणाली, "उठा तुमी. अठी या, मायाजवळ."

मी ताट खाली ठेवलं आणि उठलो.

माझ्या बाजूची नवार वर आली. तिकडची आली नाही.